संचालकांची चिठ्ठी

१२ जून १९७४, बुधवार

उद्या सांगलीला डी.एड.ची मुलाखत. चौथीला मला शिकवणाऱ्या कदमबाईंकडे संध्याकाळी तयारीला गेले होते. "बी.ए. होऊन पहिलीला शिकवायची हौस का गं?" त्यांनी विचारलं. मूल शाळेला कायमचं भितं ते पहिलीतच, म्हणून मला पहिलीच हवी, असं म्हणाले. घोकलेलं नव्हतं ते, मनापासूनचं होतं. बाई हसल्या. "चांगलं बोलतीस. पर चिठ्ठी आणलीस का?"

चिठ्ठी. आबा सकाळभर साखर कारखान्याच्या संचालकांच्या ओसरीवर बसून ती घेऊन आलेत. घरातली पहिली पदवीधर मी, आणि चिठ्ठीत माझी ओळख काय, तर 'आपल्या सभासदाची मुलगी'. मी नेणार नाही म्हणाले.

"नेली न्हाईस तर तुझ्या जागी दुसरीची चिठ्ठी बसंल."

"तुम्हीपण चिठ्ठीवरच लागलात, बाई?"

"व्हय. मग वाईट शिकवलं का तुला?"

नाही ना शिकवलं वाईट. राग त्याचाच येतोय. आणि घरी आल्यावर चिठ्ठी प्रमाणपत्रांत ठेवली तीही मीच, घडी न मोडता.