अग्नी देणाऱ्याचे नाव

॥ श्री कानिफनाथ प्रसन्न ॥

मी, गहिनीनाथ बन्सी लवांडे, वय ४९ वर्षे, माजी हवालदार, सध्या धंदा शेती व ट्रॅक्टर दुरुस्ती, राहणार तिसगाव, तालुका पाथर्डी, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की फूस लावलेली नाही. छातीत दोन स्टेंट आहेत, पण डॉक्टर म्हणतात घाबरण्यासारखे काही नाही. तरीही आताच लिहितो, कारण सैन्यातून आल्यापासून आमच्या भागातल्या माजी सैनिकांच्या अंत्यविधी मदतीचे अर्ज मीच भरून देतो. माणूस जाऊन चार दिवस झाले की घरचे लोक सैन्यातून सुटताना मिळालेल्या डिस्चार्ज बुकासाठी पेट्या उपसत बसतात, हे मी पुष्कळ घरांत पाहिले. माझ्या घरी ती वेळ येऊ नये. माझे डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचे कागद देवघराखालच्या कप्प्यात आहेत.

कलम १. राहते घर पत्नी सौ. आरती हिचे. तिच्या हयातीत तिला कोणी ऊठ म्हणू नये. तिच्या पश्चात मुलगी निकिता व मुलगा हर्षल यांना सारखे. निकिताने हक्क सोडावा असे कोणी सुचवू नये. तिचे मन मोठे आहे म्हणून तिचा वाटा लहान करणे बरोबर नाही.

कलम २. शेतजमीन दोघांना निम्मी निम्मी. चुलतभाऊ गोरक्षनाथ याच्याशी बांधावरच्या लिंबाच्या झाडावरून अकरा वर्षे माझे बोलणे नाही. झाड त्याचे आहे. हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होते. त्याला माझ्यामागे कळवावे. जिवंतपणी कळले तर तो मला रोज ऐकवील.

कलम ३. शेडमधले पाने, जॅक आणि वेल्डिंग मशीन बाबाजान शेख याला द्यावे. तोही माजी सैनिक आहे आणि आठ वर्षे माझ्याबरोबर शेडमध्ये काम करतो. खरे तर या कागदावर तो साक्षीदार राहणार होता. वकीलसाहेबांनी सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. बाबाजान म्हणाला, "मग पाने ऱ्हाऊ दे नावावर. सही काय, कुनी बी करंल."

कलम ४. बँकेतली शिल्लक आरतीची. मात्र त्यातून आधी कलम पाचमध्ये सांगितलेले काम करावे.

कलम ५. आता जे लिहितो ते सहा वर्षे टाळत आलो.

माझे वडील, माजी नाईक बन्सी लवांडे, मी सातवीत असताना घर सोडून घोडेगावला गेले. तिथे ते रतनबाई येळवंडे यांच्याबरोबर राहिले. लग्न झालेले नव्हते. दोघे मिळून जनावरांच्या बाजारात चहाची गाडी लावत. आईने शेवटपर्यंत त्यांच्याविषयी वाईट शब्द काढला नाही. ते काम मी केले. मी भरती होऊन निघालो तेव्हा वडील नगरच्या स्टेशनवर पेढ्यांचा पुडा घेऊन उभे होते. पाहिले नाही असे दाखवून मी डब्यात चढलो.

२०१९ च्या श्रावणात मी पारायणाला बसलो होतो. पाचवा दिवस होता. सकाळी रतनबाईंचा फोन आला.

"ह्ये गेले," त्या म्हणाल्या. "तुमी या. लाकडं रचून ठिवते, पर तुमी येस्तवर हात लावीत न्हाई."

मी म्हणालो, "पारायण चालू आहे, उठता येत नाही. थांबू नका."

तिसगावाहून घोडेगाव मोटारसायकलवर तासाभराचे. बापासाठी पोथी मिटली तर नाथ रागावणार नाहीत, हे मला तेव्हाही माहीत होते. मी देवाला पुढे केले आणि त्याच्या मागे लपलो. फोन ठेवून पुढचा अध्याय वाचला. त्यातली एक ओळ आज आठवत नाही. आईला मी संध्याकाळी सांगितले.

थांबू नका म्हटले तरी रतनबाई दुपार कलेपर्यंत थांबल्या. मग त्यांनीच अग्नी दिला. सरणासाठी दावणीची म्हैस त्याच दिवशी विकली. अस्थीही त्यांनीच प्रवरासंगमावर सोडल्या. हे मला बाबाजानकडून कळले. तो बोकड घ्यायला घोडेगावच्या बाजारात गेला होता.

तेराव्यानंतर मी घोडेगावला गेलो. भेटायला नव्हे, डिस्चार्ज बुक मागायला. रतनबाईंनी ते वडिलांच्या काळ्या मिलिटरी कांबळ्यात गुंडाळून दिले. चहा दिला. का आला नाहीत, हे विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

माजी सैनिक वारला की अंत्यविधीसाठी त्याच्या विधवेला शासनाची मदत मिळते. कायद्याने ती आईची होती, त्यात खोटे काही नाही. पण सोबतच्या प्रतिज्ञापत्रात अंत्यविधी कोणी केला, यापुढे मी लिहिले: मुलगा, गहिनीनाथ. खाली ईश्वराला साक्ष ठेवून सही केली. कार्यालयाने मी लिहिले ते खरे मानले, त्यांचा दोष नाही. रक्कम काही मोठी नव्हती. मी खोटे लिहिले ते पैशासाठी नाही, नावासाठी. सगळ्या गावाचे अर्ज भरणाऱ्या माणसाला स्वतःच्या बापाच्या अर्जात ती जागा परक्या बाईच्या नावाने भरायची लाज वाटली. खरी लाज कशाची वाटायला हवी होती, ते नंतर कळले.

त्या मदतीतून मी रस्त्याच्या कडेला वडिलांच्या नावाचा ओटा बांधला. त्यावर संगमरवरी पाटी आहे, 'चिरंजीव गहिनीनाथ यांजकडून'. त्या ओट्याखाली वडिलांची चिमूटभर राखही नाही. दर पंधरा ऑगस्टला आम्ही माजी सैनिक तिथे पुष्पचक्र ठेवून सलामी देतो. हर्षल दहावीत असताना त्याने शाळेत भाषण केले, माझ्या वडिलांनी माझ्या सैनिक आजोबांना अग्नी दिला म्हणून. टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत बसलो होतो आणि मीही टाळ्या वाजवल्या.

बाबाजान एकदाच बोलला, ओट्यावरून परतताना. "गहिनी, सलामी झ्याक झाली. पर ज्याला दिली त्यो तितं न्हाई, आन् जिनं त्याला पोचवला तीबी न्हाई." पुढे त्याने विषय काढला नाही. मीही काढला नाही. पण दर वर्षी तो रांगेत एक पाऊल मागे उभा राहतो.

यासाठी माझी अशी इच्छा आहे. खरे काय ते लिहून ती मदत परत भरण्याचा अर्ज मी या महिन्यात दिला आहे. माझ्या हयातीत ते काम पुरे झाले नाही, तर शिलकीतून आधी ते करावे. ओट्यावरची पाटी काढून नवी बसवावी. तिच्यावर वडिलांचे नाव, आणि खाली 'अग्नी दिला: रतनबाई येळवंडे'. माझे नाव कुठेही नको. हर्षलला हे मी स्वतः सांगणार आहे. माझ्याने झाले नाही, तर हे कलम निकिताने त्याला वाचून दाखवावे. गाळू नये.

कलम ६. माझ्या अंत्यविधीची मदत आरतीने जरूर घ्यावी, त्यात कमीपणा नाही. अर्जात मात्र जे घडले तेच लिहावे. हर्षल पोहोचला तर हर्षलने, नाहीतर निकिताने, तीही नसेल तर आरतीने अग्नी द्यावा. हर्षल आला नाही तर त्याला बोल लावू नये. का आला नाही, ते त्याने खरे सांगावे, एवढेच.

कलम ७. इथे आधी असे लिहिले होते की रस्त्याकडची खोली आणि एक दुभती म्हैस रतनबाईंना द्यावी. मागच्या आठवड्यात मी मसुदा घेऊन घोडेगावला गेलो आणि कलम पाचसकट त्यांना वाचून दाखवला. मध्येच त्या दूध उतू जाईल म्हणून उठल्या. मला वाटले आता येत नाहीत. पण गॅस बंद करून परत येऊन बसल्या. सगळे ऐकून म्हणाल्या, "म्हस नगं. गुडगं गेलं, धार काढाया बसता येत न्हाई." खोलीचे विचारले, तर म्हणाल्या, स्वतःचे छप्पर आहे. मग काय देऊ, असे मी विचारले.

त्यांनी उलट विचारले, कागदाला साक्षीला कोण आहे. एक माणूस मिळाला आहे, एक अजून पाहायचा आहे, असे मी सांगितले. वकीलसाहेबांचा नियमही सांगितला, की घेणाऱ्याला साक्षीदार होता येत नाही.

"मग मला काय बी देऊ नगा," त्या म्हणाल्या. "मी साक्षीला येते. तवाबी मीच हुते, पर कुनी इचारलं न्हाई."

म्हणून ते कलम रद्द केले आहे. वडिलांचे कांबळे तेवढे त्यांच्याकडे ठेवून आलो. ते देणे नव्हे, परत करणे होते.

कलम ८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी निकिताने करावी.

हा सगळा मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला, त्यांच्यादेखत सही केली, आणि त्यांनी माझ्यादेखत. मागे सही केलेले ते प्रतिज्ञापत्र खोटे समजावे, हे खरे.

ठिकाण: पाथर्डी
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

(सही) गहिनीनाथ बन्सी लवांडे

साक्षीदार:

१) (सही) ज्ञानेश्वर मरकड, वय ५३, माजी सुभेदार, रा. तिसगाव.

२) (डाव्या हाताचा अंगठा) रतनबाई कानिफनाथ येळवंडे, वय ७१, रा. घोडेगाव, ता. नेवासा. माजी नाईक कै. बन्सी लवांडे यांना अग्नी देणाऱ्या.