आईच्या पेन्सिलीच्या खुणा

मंगळवार, २० ऑक्टोबर २०२०, ड्रोहेडा, आयर्लंड

आज मी शाळेच्या फॉर्मवरच्या आईच्या खुणा खोडल्या. करायला नको होतं, माहितीये. पण आई कुठलाही फॉर्म आधी पेन्सिलीने भरते, मग बाबा त्यावर पेन फिरवतो. चूक तिचीच.

मागच्या आठवड्यात शाळेत एक मास्कवाली बाई आली. ती म्हणेल ते आकडे मी उलटे म्हणायचे. पाच आकड्यांना अडकलो, खरंच. मग विचारते, झोप लागते का, राग येतो का? आकड्यांचा आणि रागाचा काय संबंध? तेव्हाच डाउट आला, काहीतरी शिजतंय.

घरी बाबा म्हणाला, "मस्ती कमी कर, आकडे आपोआप येतील."

आई म्हणाली, "अरे, मनात काही खुपत असलं की डोकं कसं चालणार त्याचं?"

म्हणून त्या बाईने आईबाबांसाठी पाठवलेला फॉर्म काढून बघितला. मारामारी, खोटं बोलणं, सगळीकडे 'बरेचदा'! खोडून 'कधीच नाही' केलं. एकदम संत. शेवटचा प्रश्न, एकटा रडतो का? तिथेही पेन्सिलीने 'बरेचदा'. हिला कोणी सांगितलं? तिकडे भारतात आजोबा वारले, विमानं बंद म्हणून जाता आलं नाही, तेव्हापासून मी नळ सोडूनच रडतो.

ती खूण नाही खोडली. पण बाबाने बघितल्यावर तो म्हणणार, हे कशाला, खोड. म्हणून त्याच्याच पेनाने मी ती पक्की केली.

हे वाचणाऱ्या, खोडल्याचं सांगितलंस तरी चालेल. पेनाचं मात्र कुणालाच सांगू नकोस. प्लीज, पाया पडतो.