नकाशा क्रमांक एकतीस

१४ मार्च, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. रोज कागद पुढे ओढतो आणि तुझ्या तब्येतीची चौकशी करण्यापलीकडे गाडी सरकत नाही. म्हणून ती आधीच उरकतो: गुडघा कसा आहे? औषध घेतेस, की बाटली खिडकीत शोभेला ठेवली आहेस? पत्रास कारण काय, ते सावकाश सांगतो. मला जरा दम खाऊ दे.

इकडे ठीक आहे. हिचा खोकला एकदाचा गेला. माझे डोळे मात्र कामातून गेले. भिंग लावल्याशिवाय डोंगरांच्या रेघा दिसत नाहीत, आणि ऑफिसातल्या नव्या मुली मला तोंडावर ‘आजोबा’ म्हणतात. म्हणोत बापड्या. पेन्शनीला सात महिने राहिलेत. तेवढ्यात महायुद्धाच्या इतिहासाचा सहावा खंड हातावेगळा करायचा आहे.

युद्ध पाच वर्षांत संपलं, त्याचा इतिहास अठरा वर्षं चाललाय. एकेक खंड उशीएवढा जाड. अर्ध्या जगाचे नकाशे मी या एका टेबलावर काढले: वाळवंटं, बर्फ, ज्यांची नावं धड उच्चारता येत नाहीत अशी बेटं. लाल बाण आपले, काळे त्यांचे. बाण काढायला काही लागत नाही गं, दोन वळणं आणि एक टोक. त्यात किती माणसं आहेत, हे पहिल्या खंडाच्या वेळी मी विचारायचो. मग सोडून दिलं. थकलो.

या खंडातल्या नकाशांची यादी मी तुला कळवली होती. त्यावर तू लिहिलंयस, ‘शहाण्या, एकतिसावा नकाशा तूच काढणार ना? मग त्यात तो पूल चांगला ठळक दाखव. पोरीला दाखवायचंय, तिचे बाबा कुठे गेले ते.’

ताई, तो पूल मी एकदा काढला आहे.

तुला माहीतच आहे, युद्धात मी सैन्याच्या नकाशाखात्यात होतो. तू सगळ्यांना सांगायचीस, ‘आमचा शहाण्या सुरक्षित आहे, दिवसभर रेघोट्या मारतो.’ काम असं होतं: जुन्या मोजणीचा नकाशा घ्यायचा, विमानातून काढलेले ताजे फोटो शेजारी ठेवायचे, बदललं असेल ते बदलायचं, आणि कोपऱ्यात ‘तपासले’ लिहून सही ठोकायची. नदीवरचा पूल म्हणजे निळ्या रेघेवर दोन आखूड काळ्या रेघा, टोकाला जराशा बाहेर वळवलेल्या. जुन्या नकाशात तो होता. मी तो जसाच्या तसा उतरवला. त्या भागाच्या फोटोंचं पाकीट माझ्या डाव्या हाताला पडलेलं होतं. मी ते उघडलं नाही.

का, म्हणून विचारशील. एकवीस वर्षं मी एखादं चांगलं कारण शोधतोय. ताप नव्हता, कुणी घाई करत नव्हतं. मला कंटाळा आला होता. बस, एवढंच. सकाळपासूनचा तो सहावा नकाशा होता.

नंतरच्या आठवड्यात टेबल आवरताना पाकीट उघडलं. पूल नव्हता. युद्धाच्या आधीच कधीतरी पुरात वाहून गेला असावा. पाण्यात नुसते दगडी खांब उभे होते, आणि त्यांच्यावर झुडपं उगवलेली. शत्रूचा त्यात काही संबंध नव्हता. तोवर माघार घेणाऱ्या आपल्या तुकडीनं माझा नकाशा बघून डोंगरातली लांबची वाट सोडली होती आणि ती नदीवर आली होती. ट्रक पुढेही जाईनात, मागेही वळेनात. अर्धा दिवस ते तिथे अडकले. मग विमानं आली. तिसऱ्या ट्रकवर भाऊजी होते.

वाचलेल्यांनी दगडी खांब पाहिले होते. त्यांना वाटलं, शत्रूनं पूल उडवला. चौकशी झाली. साहेबांनी मला विचारलं, ‘फोटो तपासले होते ना?’ मी म्हणालो, ‘हो साहेब.’ तो फोटो तेव्हा माझ्या शर्टाच्या आत होता. पुढे तो घरच्या कपाटात, खणातल्या कागदाखाली गेला. परवापरवापर्यंत तिथेच होता.

तुला आठवतं, बातमी आल्यावर मी तुझ्याकडे आलो होतो? पोर पाळण्यात होती. तू मला चहा करून दिलास. तू, मला! आणि म्हणालीस, ‘त्यांनी पूल उडवला नसता तर आले असते रे.’ मी कप हातात धरून ‘हो’ म्हणालो. साहेबांशी खोटं बोलताना मला भीती वाटली होती. तुझ्यासमोर लाज वाटली, आणि ती एक दिवस कमी झालेली नाही. तुझ्याकडे कमी का येतो, म्हणून तू हिच्यावर ठपका ठेवलास. तिचा बिचारीचा काही दोष नाही.

गेल्या सोमवारी इतिहास लिहिणाऱ्या प्राध्यापकांकडे कच्चा नकाशा घेऊन गेलो. बघून म्हणाले, “अहो, मजकुरात पूल आहे. नकाशात कुठे गेला?”

“नदीवर नव्हता,” मी म्हणालो आणि फोटो पुढे ठेवला. मागे तारीख आणि शिक्का आहे, भाऊजी गेले त्या दिवसाच्या नऊ दिवस आधीचा.

त्यांनी फोटो उलटून शिक्का वाचला. “एकवीस वर्षांनी हे कशाला? कोण बघतंय त्या दोन रेघा?”

“माझी बहीण बघणार आहे,” मी म्हणालो.

त्यांनी मजकूर बदलला. नकाशा छापखान्यात गेला. आधी तुला विचारायला हवं होतं, कळतंय मला. पण विचारलं असतं तर तू कदाचित ‘जाऊ दे’ म्हणाली असतीस, आणि मी ते आनंदानं ऐकलं असतं. म्हणून नाही विचारलं. शत्रूवर राग धरून तू एवढी वर्षं काढलीस. तो राग तुझ्याकडून काढून घेतोय आणि त्याच्या जागी द्यायला माझ्याकडे मी सोडून दुसरं कुणी नाही. पोरीला सांगायचं की नाही, ते तू ठरव. तिनं मला विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही.

रविवारी अकराच्या बसनं येतो. मला बघायची इच्छा नसेल तर रस्त्याकडच्या खिडकीचा पडदा ओढून ठेव. मी दार वाजवणार नाही, त्याच बसनं परत फिरेन. रागावणार तर मुळीच नाही.

गुडघ्याला जप.

तुझा (हे यापुढे लिहू की नको, ते तू सांग)
शहाण्या

सोबत: नकाशा क्रमांक एकतीस, एक प्रत. कोपऱ्यात माझं पूर्ण नाव आहे. नदीवर काही काढायचं राहिलेलं नाही. या वेळी तपासलंय.