राजूच्या काखेतली काळी खपली

मंगळवार, सांजेला. सौंसर

आज सूड घेतला. उन्हाळ्यात माझ्या दिरानं, राजूनं, चोरून मारलेलं चितळ आमच्या गोठ्यात सोललं. त्याच्यावरची गोचीड माझ्या पोरीला, पिंकीला, चावली. मानेवर काळी खपली आली अन् आठ दिवस ताप. तेव्हा राजू सगळ्यांपुढे म्हणे, "वहिनीचं घरच घाण."

आज तोच तापानं कापून राहिला होता. मी अन् सासूबाईंनी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "जंगलात गेले होते काय?"

"नाही जी."

गप्प राहावं काय? वाटलं तसं, खोटं कशाला लिहू. मग मीच त्याचा हात वर केला. काखेत पिंकीसारखीच काळी खपली.

"मागल्या हप्त्यात पुन्हा चितळ मारायला गेला होता, हाफ पँटीत!" भरल्या दवाखान्यात मी मोठ्यानं बोलली.

बाई म्हणाल्या, "गोचीडताप आहे. बरं झालं सांगितलं." लगेच औषध सुरू केलं. पूर्ण कपडे, मोजे घालायचे, परतल्यावर अंग तपासायचं, हेही बजावलं. राजूची मान खालीच.

ऑटोत सासूबाई रागावल्या, "चारचौघांत काऊन सांगितलं?"

"त्याचा जीव वाचवायले."

पण मी जिवासाठी नव्हती बोलली. मला ती खाली गेलेली मान पाहायची होती.