कार्बोरेटरची सुई

प्रिय संघर्ष,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवते. आपल्या घरात सध्या जेवायला ताट नाही. स्टीलची सहाही ताटं पप्पांनी एप्रिलपासून सरकारजमा केली असून त्यांत क्लच, गिअरबॉक्स, किक, कार्बोरेटर, ब्रेक आणि 'किरकोळ' अशी मंडळी वाढून ठेवलेली होती; ती आता गाडीत गेली तरी ताटांचा ग्रीसचा वास जात नाही. मी, चाकणच्या एका मोठ्या कंपनीतली सीनियर क्वालिटी इन्स्पेक्टर, वय सेहेचाळीस, गेले आठ महिने पातेल्याच्या झाकणात भात कालवते. झाकणाला मधोमध मूठ असते. ते उलटं ठेवलं की डुगडुगतं, आणि जिकडे उतार तिकडे आमटी जाते. निषेध म्हणून एकदा मी पोळी थेट ओट्यावर ठेवून खाल्ली. कुणी दखल घेतली नाही.

हे फोनवर का नाही सांगितलं, असं म्हणशील. एक तर तू फोन स्पीकरवर टाकून जेवतोस. दुसरं, चिखलीच्या या तळमजल्यावरच्या वन बीएचकेत बाथरूममध्ये कुजबुजलं तरी मागच्या दारच्या फरशीवर ऐकू जातं, आणि मागच्या फरशीवर पप्पा बसलेले असतात. म्हणून ही जुनी सोय. पत्र तुझ्या होसूरच्या कंपनीच्या पत्त्यावर टाकतेय, म्हणजे तुझ्या घरी कुणी फोडण्याआधी तुझ्या हातात पडेल.

तू दिवाळीत पप्पांची केबी मोटरसायकल पाहिलीस तेव्हा तिचा सांगाडा होता. आता चाकं बसलीत, वायरिंग नवं आहे, टाकी काळी कुळकुळीत झालीय. आई गेल्यावर चार वर्षं ज्या माणसाने टीव्हीवरच्या बातम्यांना शिव्या घालण्यापलीकडे काही केलं नाही, त्याने एप्रिलमध्ये एका सकाळी ताडपत्री ओढली आणि आकुर्डीत जन्मलेली ती गाडी शेवटच्या नटापर्यंत खोलली. कशासाठी, ते तुला माहीत आहे. दर पंचवीस डिसेंबरला, बाबासाहेबांनी तिथे बुद्धमूर्ती बसवली त्या दिवशी, आईला मागे बसवून ते देहूरोडच्या विहारात जायचे. यंदा पुन्हा जायचं, स्वतःच्या गाडीवर. मला आनंद झाला होता रे. त्या आनंदात मी झाकणसुद्धा पत्करलं.

मग जुलैत ते माझी स्कूटर घेऊन स्पाइन रोडला भाजी आणायला गेले आणि डाव्या हाताने आलेली बस त्यांना दिसलीच नाही. ड्रायव्हरने ब्रेक मारला म्हणून पप्पा आहेत. घरी येऊन म्हणाले, बसवाला उलटा घुसला. मी तिथल्या फळवाल्याला विचारलं. बसवाला सरळच येत होता. ऑगस्टमध्ये डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं, तर काचबिंदू. डॉक्टरांनी मला आत बोलावून त्यांच्या नजरेचा नकाशा दाखवला. डावीकडचा सगळा भाग काळा. गाडी शक्यतो नको, म्हणाले. मग माझं तोंड बघून म्हणाले, अजिबात नको. बाहेर बाकावर पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, पंचवीसपर्यंत डोळा साथ देईल ना? मी, जिची जीभ सोसायटीचा सेक्रेटरीसुद्धा टाळतो, म्हणाले, रोज थेंब टाकायचेत, बाकी काही नाही.

त्या संध्याकाळी घराबाहेर जाऊन तुला फोन केला. तू फार वेळ घेतला नाहीस. ताई, गाडी पूर्णच होऊ द्यायची नाही, म्हणालास. खोलू दे, पुसू दे, मन रमू दे, फक्त एक-एक पार्ट गायब होत राहिला पाहिजे. मीही वाहवा केली. कल्पना मॅनेजरला सुचते आणि अंमलबजावणी शॉप फ्लोअरवर होते, हे आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यातलं जुनं शास्त्र आहे.

अंमलबजावणीचा अहवाल असा. आधी मी पिस्टनची पिन जागेवर धरणारी सर्कलिप उचलली. पप्पा म्हणाले, हातातून उडाली असेल, आणि पिंपरीतून दुसरी आणली. मग क्लचच्या दोन दांड्यांमध्ये बसणारा छर्रा उचलला. हरभऱ्याएवढा असतो, पण तो नसला तर क्लच दाबून काही होत नाही. या वेळी त्यांनी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढलं, सुतळीला बांधलं आणि सगळी फरशी विंचरत निघाले. मी कंपनीतून येऊन चहा पीत होते. छर्रा माझ्या डब्याच्या पिशवीत, बाहेरच्या कप्प्यात. पिशवी खुर्चीच्या पायाशी. ते चुंबक गॅसखालून आलं, फ्रिजखालून आलं, पिशवीकडे वळलं. मी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि म्हटलं, पप्पा, जरा माझ्या पायाखाली बघा. त्यांनी गुडघे टेकून माझ्या पायाखाली बघितलं. सॉरी म्हणाले वर, अडचण केल्याबद्दल.

छर्राही बाजारात मिळाला. तेव्हा तू म्हणालास, असं काहीतरी ने जे मिळणारच नाही. म्हणून कार्बोरेटरची सुई. पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारी, बोटाएवढी, टोकाला निमुळती. त्या मॉडेलची आता कुणी बनवत नाही, आणि नकली घातली तर इंजिन पेट्रोल पिऊन ठसकतं. पप्पांनी ती टूथब्रशने साफ करून मलमलीत गुंडाळून कार्बोरेटरच्या ताटात ठेवली होती. मी ती दिवाळीत तुझ्या हातात दिली, तू दाढीच्या डब्यात टाकून होसूरला घेऊन गेलास, आणि आपण दोघांनी मोठ्ठं काम केल्यासारखी चकली खाल्ली.

त्यानंतरचं तू पाहिलं नाहीस, म्हणून सांगते. या वेळी त्यांनी चुंबक काढलं नाही. रिकामी मलमल हातात घेऊन स्वयंपाकघरात आले आणि विचारलं, मिने, मी सुई ठेवली होती का ह्याच्यात? टूल रूममध्ये आयुष्य घालवलेला माणूस. तिथे त्यांना विचारून लोक मायक्रोमीटर शोधायचे. त्यांनी मला विचारलं, मी ठेवली होती का. आणि मी म्हटलं, बघा आठवून.

त्या दिवसापासून घरात एक वेगळाच माणूस वावरायला लागला. गॅस बंद केला का, म्हणून तीन-तीनदा उठायचा. कट्ट्यावर जाणं बंद, कारण परत येताना गल्ली चुकली तर. एटीएम कार्ड त्यांनी माझ्या पर्समध्ये ठेवलं आणि पिन सांगितला, तोही मान खाली घालून. गाडीवर चादर पडली. आणि मागच्या आठवड्यात म्हणाले, विसरण्याचा डॉक्टर असतो म्हणे, माझा नंबर लाव.

मी तुला कंपनीतून फोन केला. तू म्हणालास, बरंच झालं ना ताई, आपोआप सुटतंय. नंबर लाव, डॉक्टर काहीतरी गोळी देईल.

शब्द साधे होते, तुझा आवाजही साधा होता. मी पण हो म्हटलं आणि फोन ठेवला. शुक्रवारी संध्याकाळचा नंबर लावला. तेव्हा वाटलं, गाडीवर न बसल्याने माणूस जिवंत राहतोय, तर आपलं काय चुकलं?

शुक्रवारी मला पहिली शिफ्ट होती. पहाटे डबा भरत होते, तर मागच्या फरशीवरून पुटपुटणं ऐकू आलं. वाटलं, बुद्धवंदना चालली असेल. दाराशी गेले. पप्पा चादरीने झाकलेल्या गाडीसमोर पाटावर बसले होते, हात मांडीवर. पिस्टन, पिन, सर्कलिप दोन. सिलिंडर, हेड, चार नट, तिरपे आवळायचे. क्लचची टोपली, प्लेटा, दांडी, छर्रा, दांडी. न अडखळता चाललं होतं. संध्याकाळी डॉक्टर प्रश्न विचारणार म्हणून हा माणूस अभ्यास करत होता, संघर्ष. कार्बोरेटरपर्यंत आले. फ्लोट. जेट. स्लाइड. आणि थांबले. मग पुन्हा पहिल्यापासून, पिस्टन, पिन, सर्कलिप दोन.

कंपनीची बस कोपऱ्यावर हॉर्न देत होती. मी गेले नाही. दाराशीच उभं राहून म्हटलं, पप्पा, सुई तुम्ही ठेवली होती. मी चोरली. छर्रापण. सर्कलिपपण. मग डॉक्टर, नकाशा, डावी बाजू, सगळं सांगितलं. ते आत आले. चहा उकळत होता, त्याखालचा गॅस बंद केला आणि परत वळूनही बघितलं नाही. मग म्हणाले,

"डोळ्याचं व्हतं तर डोळ्याचं बोलायचं, मिने. माझं डोकं कायला नेलंस?"

याला उत्तर असेल तर तू कळव.

चहा त्यांनीच गाळला. मी बसले, उठले, पुन्हा बसले. मग त्यांनी मला समोर उभं केलं. म्हणाले, नकाशा नको, मला मोजून दाखव. मी भाताचा डाव घेतला. ते समोर भिंतीकडे बघत राहिले आणि मी डाव त्यांच्या डाव्या कानापाशी धरून हळूहळू पुढे सरकवला. दिसला की सांगा, म्हटलं. डाव कान ओलांडून गेला. डोळ्याच्या कोपऱ्याशी आला. मला वाटलं, बोलतील आता. नाकाशी आला तेव्हा म्हणाले, आला. मी हात तिथेच धरला. त्यांनी मान वळवून डाव कुठे आहे ते बघितलं. पुन्हा एकदा कर, म्हणाले. पुन्हा तिथेच आला.

"रिजेक्ट," ते म्हणाले. मशीनवरून उतरलेल्या एखाद्या जॉबबद्दल बोलावं तसं. "हे ऑगस्टलाच करायला डावच पायजे व्हता की. मी काय भांडलो असतो का?"

भांडले नसते, संघर्ष. आपण दोघांनी विचारलंच नाही. मी रोज पन्नास जॉब तपासून नापासांना लाल टॅग लावते, समोर सुपरवायझर नाक मुरडत उभा असला तरी. बापाला एक लावायला घाबरले, आणि त्याऐवजी बाप बाहेर बसलेला असताना त्याच्याच मेंदूतून एकेक नट काढत राहिले.

डॉक्टरचा नंबर त्यांनी स्वतः फोन करून रद्द केला. दुपारी चादर काढली. मग हुकूम सुटला की गाडी मी चालवायची, पंचवीसला ते मागे बसणार. मला गिअरची गाडी येत नाही, हे कारण चाललं नाही. आता रोज संध्याकाळी मी स्टँडवरच्या बंद गाडीवर बसून क्लच दाबते आणि गिअर टाकते, आणि पप्पा शेजारी उभे राहून मला आईसमोर कधी काढले नसतील असे शब्द काढतात. ते माझ्या डाव्या बाजूला उभे राहतात, म्हणजे मी त्यांच्या डाव्या बाजूला येत नाही. हे त्यांचं त्यांनी ठरवलंय. माझ्याशी बाकी काही बोलत नाहीत. जेवायला बोलावते तर येतात, खाली बघून जेवतात. गाडी तयार आहे, फक्त सुई नाही.

आता हे पत्र कशाला, ते. सुई कुठंय म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, कंपनीच्या लॉकरमध्ये. तुझ्या दाढीच्या डब्यात आहे असं म्हणाले नाही. कल्पना कुणाची तेही बोलले नाही, आणि 'बरंच झालं' तर नाहीच. लॉकरची किल्ली सापडत नाही हे मी आणखी आठवडाभर ओढू शकते. तू सुई कुरिअरने पाठवलीस तर मी ती लॉकरमधून आणली म्हणून त्यांच्या हातात देईन आणि तुझं नाव कधीच निघणार नाही. स्वतः घेऊन आलास तर दार पप्पा उघडतील, पुढचं तू जाण. काय करायचं ते मी सांगणार नाही. गप्प का राहिले, ते मात्र सांगते. टाकी रंगवताना पेंटर उजव्या बाजूचा पोचा भरून देत होता, तर पप्पांनी भरू दिला नाही. राहू दे, म्हणाले, तो आमच्या पोराचा आहे. गाडी स्टँडवरून मी पाडली होती, संघर्ष. तू नऊ वर्षांचा होतास, 'मी पाडली' म्हणालास आणि मार खाल्लास, आणि मी दारामागे उभी होते. तेवढं आज फेडलं.

तुझीच,
मिनूताई