लाल चिंधीचा रपटा

शनिवार, संध्याकाळ

संताप अजून उतरलेला नाही. आज शाळेत 'आपला महाराष्ट्र' प्रदर्शन होतं. निम्म्या टेबलांवर मुंबईच. समुद्रावरचा पूल, भुयारी मेट्रो, गेटवे. सिंदीच्या बाजारातून निळी पन्नी आणून अंथरली, की झाला समुद्र! इथल्या किती पोरांनी समुद्र पाहिलाय?

सातवीतल्या वैष्णवीने मात्र तिच्या वाटेवरच्या नाल्याचा रपटा केला, पुरात पाण्याखाली जाणारा ठेंगणा पूल. मातीचा, बिनकठड्यांचा. कडेला पऱ्हाटीची काडी, तिला लाल चिंधी. सांगत होती, गावात खरंच तशी काठी रोवतात. पुरात चिंधी बुडाली की रपटा ओलांडायचा नाही.

मुख्याध्यापक भडकले. "मॅडम, हे काऊन मांडलं? पाहुणे येऊन राह्यले, त्याईले का नाला दाखवाचा?" रपटा टेबलाखाली गेला. परीक्षक मी होते. मी काय केलं? मान डोलावली आणि निळ्या पन्नीवरच्या पुलाला पहिला नंबर दिला.

निघताना वैष्णवीने विचारलं, "मॅडम, तुमी पाह्यला का तो पूल?"

"नाही गं."

"अन् आमचा रपटा?"

तोही नाही. इतकी वर्षं या शाळेत आहे, तिच्या वाटेने एकदाही गेले नाही.

मग हा राग नक्की कोणाचा? दुपारपासून मुख्याध्यापकांच्या नावाने बोटं मोडतेय. पण पावसाळ्यात ती लाल चिंधी बुडते, तेव्हा हजेरीत वैष्णवीपुढे 'गैरहजर' मीच लिहिते. आणि वर तिच्या घरी चिठ्ठी धाडते, कारण कळवा म्हणून.