अण्णांच्या वह्या आणि माझा प्रोग्राम

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे लिहिण्यापुरता टेबलावर वाकलोय. त्याहून खाली गेलो तर वर आणायला दोन माणसं लागतात.) तुझे गुडघे कसे आहेत? डाव्याची तक्रार कळली होती, उजव्याने अजून तोंड उघडलं नसेल अशी आशा आहे. भाऊजींचं मीठ तू बंद केल्याचं त्यांनी मला फोनवर फार हळू आवाजात सांगितलं, त्यावरून त्यांची तब्येत सुधारत असणार. हे सगळंही मी फोनवरच सांगू शकलो असतो, पण काही गोष्टी फोनवर सांगायला घेतल्या की समोरचं माणूस मध्येच ओरडतं. पत्रात ती भीती नाही. तेव्हा खुर्चीत नीट टेकून बस आणि सावकाश वाच.

अण्णा ठणठणीत आहेत. शहाऐंशीव्या वर्षी कान गेलेत असं ते म्हणतात, पण हिने स्वयंपाकघरात पुटपुटलेलं त्यांना बाहेरच्या खोलीत स्पष्ट ऐकू येतं. या पत्राचं मूळ त्यांच्या वह्यांत आहे. तलावावरच्या पंपघरात एक्केचाळीस वर्षं रोज सकाळी आठ वाजता त्यांनी थर्मामीटरचा पारा आदल्या दिवशी कुठवर चढला होता ते बघितलं, पावसाचं मापक बघितलं आणि वहीत लिहिलं. अशा एक्केचाळीस वह्या लोखंडी कपाटात आहेत, आणि त्या कपाटाची किल्ली त्यांच्या गळ्यात असते, हे तुला मी सांगायला नको. (लहानपणी मी त्यातल्या एका पानाची होडी केली होती तेव्हा काय झालं तेही सांगायला नको.)

तर तलावावर हल्ली एक इंजिनियरबाई आली आहे. तरुण, कामसू, बोलायला गोड. बांध किती वाढवायचा हे ठरवायला तिला जुना पाऊस हवा होता. अण्णांचा पाऊस इंचात आणि ऊन फॅरनहाइटमध्ये, तिच्या कार्यालयाला पाऊस लागतो मिलिमीटरमध्ये आणि ऊन सेल्सियसमध्ये. तिने वह्या मागितल्या. अण्णांनी किल्ली बनियनच्या आत सरकवली आणि म्हणाले, "वह्या घराबाहेर जाणार नाहीत." ती म्हणाली, "मग घरातच कुणी बदलून दिलं तरी चालेल." त्यावर दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी त्या वेळी भिंतीकडे बघत होतो, पण उपयोग झाला नाही.

आता तू म्हणशील, शिंप्याला हे कसं जमणार? ताई, मलाही क्षणभर तसंच वाटलं, पण क्षणभरच. पस्तीस वर्षं मी टेप गळ्यात घालून हिंडतोय. टेपच्या एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर, उलटी केली की झालं काम. मला वाटलं, हवामान म्हणजे काय, आभाळाचं माप! तुमच्या घरातून बाद झालेला लॅपटॉप माझ्याकडे होताच. इंजिनियरबाईने दोन दुपारी बसून मला प्रोग्राम कसा लिहायचा ते शिकवलं. प्रोग्राम म्हणजे, ताई, अतिशय आज्ञाधारक आणि अतिशय मठ्ठ अशा कारागिराला दिलेली चिठ्ठी. "बाही काप" म्हटलं की तो बाही कापणार, आत हात असला तरी.

इंच सोपे निघाले. पंचवीस पूर्णांक चारने गुणायचं, संपलं. गोची केली तापमानाने. टेप दोन्ही बाजूंनी शून्यापासून सुरू होते, थर्मामीटरचं तसं नाही. एकाचा बर्फ शून्यावर, दुसऱ्याचा बत्तीसवर. म्हणजे आधी बत्तीस वजा करायचे, मग पाचने गुणून नऊने भागायचं. मी तसंच ओळीने लिहिलं. पण यंत्र ओळीने वाचत नाही. त्याच्यात गुणाकार-भागाकारांना आधी जेवायला वाढतात आणि वजाबाकीला शेवटच्या पंगतीत. वजाबाकी आधी व्हायला हवी असेल तर तिला कंसात बसवावं लागतं. मी कंस टाकला नव्हता. त्यामुळे अण्णांच्या एकशे चार अंशांचे शहाऐंशी सेल्सियस झाले. मी आकडा अण्णांना वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून मान डोलावली. "तो उन्हाळा तसाच होता," म्हणाले. "आता कुठे असलं ऊन पडतं?" घरातल्या वडील माणसानेच शिक्का मारल्यावर मी कशाला शंका घेऊ? सगळा उन्हाळा छापून पाठवून दिला.

इंजिनियरबाई दुसऱ्या दिवशी हेल्मेट न काढताच दारात उभी. "मास्तर," म्हणाली, "शहाऐंशी अंशांना तुमच्या वडिलांनी तलावातच चहा टाकला असता." मग तिने माझी ओळ बघितली आणि मला विचारलं की तुम्ही चिठ्ठीत, बोलण्यात, हिशोबात, सगळीकडे एवढे कंस टाकता, मग नेमका इथेच हात कसा आखडला? यावर मी तिला चहा विचारला. (घरातला, तलावातला नाही.)

ती येईपर्यंत मधल्या मधे एक अपघात मात्र होऊन गेला होता. तू हिला केकची कृती पाठवली होतीस ना, साडेतीनशे फॅरनहाइटवाली? हिने मोठ्या कौतुकाने मला म्हटलं, "तुमच्या प्रोग्रामला विचारा बघू." प्रोग्रामने तीनशे बत्तीस सांगितलं. आमच्या ओव्हनचा काटा अडीचशेच्या पुढे जात नाही, म्हणून घर वाचलं. केक नाही वाचला. तो मी हल्ली दुकानात कापडावर ठेवायला वजन म्हणून वापरतो, कापड अजिबात हलत नाही. हिने मात्र चार दिवस माझ्याशी बोलताना मोजून शब्द वापरले, आणि ते कुठल्याच एककात बदलता येण्याजोगे नव्हते.

कंस टाकला. उन्हाळा चाळिसावर आला. अण्णा नाराज झाले, पण इंजिनियरबाई खूश झाली. मग मी पावसाला हात घातला आणि तिथे उत्साहाच्या भरात एकाच वहीवर प्रोग्राम दोनदा चालवला. पहिल्या वेळी दोन इंचांचे पन्नास पूर्णांक आठ मिलिमीटर झाले. दुसऱ्या वेळी त्या कारागिराने त्यांनाच इंच समजून पुन्हा गुणलं आणि एका दिवसात बाराशे नव्वद मिलिमीटर पाऊस पाडला. म्हणजे सव्वाचार फूट, ताई! या वेळी अण्णा भडकले. उन्हाची थोरवी वाढवलेली त्यांना चालली होती, पावसाची नाही. "मी दोन लिहिलंय," असं म्हणून त्यांनी पानावर बोट आपटलं. "दोन म्हणजे दोन. तुला वाढवायचं असेल तर तुझ्या वहीत वाढव." त्यानंतर ते रोज माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायला लागले, पहाऱ्याला.

आणि त्यामुळेच पुढची गोष्ट घडली. महिन्यापूर्वी, सगळ्या वह्यांतला पाऊस भरून झाल्यावर, एका सकाळी मी दुसऱ्या वर्षाचं तापमान भरत होतो. सगळं सुरळीत चाललेलं, अठ्ठावीस, एकोणतीस, सत्तावीस, आणि मधेच एका दिवशी उणे सतरा पूर्णांक आठ. मी तारीख बघितली. ताई, ती तुझ्या जन्माची तारीख. मी हिला हाक मारली, हिने आकडा बघितला आणि म्हणाली, "तरीच तुमच्या ताईंना कधी थंडी वाजत नाही." आम्ही दोघं हसत सुटलो. अण्णा हसले नाहीत. त्यांनी वही मागून घेतली आणि डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. त्या तारखेपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. कोरी जागा. प्रोग्रामने कोऱ्या जागेला शून्य समजलं होतं आणि शून्य फॅरनहाइट म्हणजे उणे सतरा पूर्णांक आठ.

"अण्णा, या दिवशी लिहायचं राहिलं का?" मी विचारलं. एक्केचाळीस वर्षांत तेवढीच एक जागा कोरी आहे, हे मला नंतर कळलं. त्यांनी त्या कोऱ्या जागेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "आठ वाजता ती माझ्या हातात होती. दोन्ही हात गुंतलेले. पेन कशाने धरणार?"

ताई, मला लिहिता येत नाही त्यांचा चेहरा कसा झाला होता ते. माझंही काही वेगळं नव्हतं. पण मी तुझा भाऊ आहे, तेव्हा लगेच माझ्या जन्माची तारीख काढली. तिथे स्वच्छ अक्षरात नोंद आहे: एक्क्याण्णव अंश, वारा मंद, मुलगा. या क्रमाने. मी अण्णांना जाब विचारला, तर म्हणाले, "तुझ्या वेळेपर्यंत सवय झाली होती."

आता मी प्रोग्राममध्ये दुरुस्ती केली आहे. जिथे आकडा नसेल, कोरी जागा असेल किंवा अण्णांनी शब्दांत काही लिहिलेलं असेल, तिथे तो शून्य धरत नाही. "अण्णांना विचारा" असं छापतो. इंजिनियरबाई आता दर आठवड्याला ती यादी घेऊन येते, अण्णा दाढी करून तयार असतात आणि एकेका ओळीवर अर्धा-अर्धा तास बोलतात. परवा तर त्यांनी किल्ली गळ्यातून काढून आपण होऊन तिच्या हातात दिली. (मी ती अजून हातात धरलेली नाही.)

बाकी सर्व क्षेम. भाऊजींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
मास्तर

ता. क. : लेकीच्या लग्नासाठी तू मला पावसाळा सरल्यानंतरची एक कोरडी तारीख विचारली होतीस. अण्णांना प्रवास झेपत नाही म्हणून इथेच, तलावाच्या बागेत, उघड्यावर लग्न करायचं, हे तुझं म्हणणं मला फार आवडलं होतं, आणि एक्केचाळीस वर्षांत जिला थेंबही पडलेला नाही अशी तारीख मी तुला छातीठोकपणे कळवली होती. ती मी दुरुस्तीच्या आधी काढली होती. आज सकाळी नव्या प्रोग्रामला तीच तारीख विचारली, तर त्याने एकोणीस वेळा "अण्णांना विचारा" असं छापलं. वह्या उघडल्या. "मापक ओसंडलं." "मापक वाहून गेलं." "दिवसभर तलावाच्या दरवाज्यांवर होतो, मोजायला सवड नाही." पाऊस जाता जाता एकदा जे झोडपून जातो, ते बहुधा त्याच दिवशी, असं अण्णा म्हणतात. पत्रिका छापायला गेल्या नसतील तर थांबव. गेल्या असतील तर आधी बस, मग मला फोन कर, आणि ओरडायचं असेल तर हिच्या फोनवर कर.

ता. क. दुसरा : वरचं अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणतात, पत्रिका छापल्या असतील तर तारीख मुळीच बदलू नका. त्या दिवसाचं एकही धड माप त्यांच्याकडे नाही, ही त्यांना कायमची रुखरुख आहे. या वेळी पंपघरातलं छोटं मापक चालणार नाही, मोठं भांडं लागेल, असं ते मला बजावतायत. मी त्यांना सांगितलं की लग्नघर आहे, मोठी पातेली असतीलच. ते म्हणाले, एक रिकामं ठेवायला सांग.